वावरात जुना शिपिंग कंटेनर : निवड, तपासणी, कागद, वाहतूक आणि बसवणी

ठिबकच्या नळ्यांची बंडले, तुषार संचाचे नोझल, पाणबुडी मोटरची केबल, फवारणी पंप, ताडपत्र्या, खताची पोती एवढा ऐवज आज मध्यम शेतकऱ्याच्याही वावरात असतो, आणि तो ठेवायला बहुतेकांकडे पत्र्याचा कोठा असतो, ज्याचे छप्पर एप्रिल-मे महिन्यांतल्या अवकाळी वावधानात उडते, ज्याच्या कुडाला घूस भोक पाडते आणि ज्याचे कुलूप पाहुण्याला दाखवण्यापुरतेच असते. या अडचणीवर जहाजातून माल नेणारा जुना लोखंडी कंटेनर हा चांगला उपाय आहे. वीस फुटी रिकामा कंटेनरच साधारण २,२०० किलोचा असतो, त्यामुळे तो वाऱ्याने हलत नाही, उंदीर त्याला कुरतडू शकत नाही आणि चोराला तो फोडायला वेळ लागतो. मात्र समुद्रावरच्या खाऱ्या वाऱ्यासाठी घडवलेली ही वस्तू विदर्भातल्या काळ्या मातीत आणि ४५ अंशांच्या उन्हात ठेवायची असल्यामुळे, जुने कंटेनर विकणाऱ्या डेपोत केलेल्या घासाघिशीपेक्षा वावरात केलेल्या पायाभरणीवर आणि सावलीवर तिचा उपयोग अधिक अवलंबून राहतो. म्हणून खरेदीपूर्वीच पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा हिशेब मांडावा.

आत काय ठेवायचे, हे आधी ठरवावे

माझे मत स्पष्ट आहे : कंटेनर हा अवजारांचा आणि सामानाचा कोठा आहे, धान्याचे कोठार नव्हे. बंद लोखंडी डबा नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या, दिवसांत बाहेरच्या हवेपेक्षाही बराच तापतो, आणि त्या तापात सोयाबीनचे बियाणे ठेवल्यास जूनमध्ये उगवणशक्तीची चाचणी घेण्याचीही गरज उरत नाही. घरचे बियाणे घरातच, थंड आणि हवेशीर खोलीत ठेवावे.

भावासाठी सोयाबीन किंवा तूर थांबवून ठेवायची असेल, तर कंटेनरपेक्षा बाजार समितीचे गोदाम बरे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून सुरू आहे आणि तिच्यात समितीच्या ताब्यात ठेवलेल्या मालावर कर्ज मिळते, स्वतःच्या कुलपातल्या मालावर मिळत नाही. काढणीनंतरचे चार-सहा आठवडे पोती कंटेनरमध्ये ठेवणे चालते, पण त्यासाठी माल पूर्ण वाळलेला, म्हणजे सोयाबीनच्या बाबतीत १२ टक्क्यांच्या आत ओलाव्याचा असावा. वेचलेला कापूस मात्र अजिबात भरू नये. ओलसर कापूस दाबून ठेवला की आतून तापतो, आणि लोखंडी डब्यात लागलेली आग बाहेरून दिसेपर्यंत फार उशीर होतो.

कीटकनाशके, डिझेल आणि पेट्रोल यांच्यासाठी वेगळी, हवा खेळती राहील अशी छोटी कुलूपबंद पेटी बाहेर सावलीत करावी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजुरांचे बळी गेले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. तापलेल्या बंद डब्यात औषधांच्या वाफा साठतात आणि सकाळी दार उघडणारा माणूस पहिला श्वास त्याच हवेचा घेतो. पोत्यांना कीड लागू नये म्हणून आत सल्फासच्या गोळ्या ठेवण्याचा विचारही करू नये, कारण त्यातून निघणारा फॉस्फिन वायू जीव घेतो.

आकार आणि प्रकार

बाजारात मुख्यतः वीस आणि चाळीस फुटी असे दोन आकार मिळतात. वीस फुटी कंटेनरची बाहेरची लांबी ६.०६ मीटर, रुंदी २.४४ मीटर आणि उंची २.५९ मीटर असते, तर आत सुमारे ५.९ मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद, म्हणजे जवळपास १५० चौरस फूट जागा मिळते. येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. तुषार संचाचे आणि पीव्हीसीचे पाइप सहा मीटरचे येतात, त्यामुळे वीस फुटी कंटेनरमध्ये ते सरळ बसत नाहीत. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात तिरपे टाकले तर बसतात, पण मग ते मधली सगळी वाट अडवतात. भिंतीवर एक टोक खाली आणि दुसरे वर अशा रीतीने, चढत्या लोखंडी आकड्यांवर ते टांगले तर जमीन मोकळी राहते. ज्यांच्याकडे पाइपांचाच पसारा मोठा आहे, त्यांनी हे मोजमाप घेऊनच आकार ठरवावा.

दाराची मोकळी उंची सुमारे २.२८ मीटर, म्हणजे साडेसात फुटांना थोडी कमी असते. रोटाव्हेटर, पेरणी यंत्र आणि मळणी यंत्राचे सुटे भाग जातात, परंतु ट्रॅक्टर ठेवायचा असल्यास उभ्या सायलेन्सरची उंची मोजल्याशिवाय बोलणी करू नयेत.

चाळीस फुटी कंटेनर प्रति फूट स्वस्त पडतो, पण तो घेऊन येणाऱ्या ट्रेलरला पांदण रस्त्यावर वळण मिळत नाही. ज्याचे वावर डांबरी रस्त्याला लागून आहे त्यानेच त्याचा विचार करावा. एक फूट अधिक उंचीचा हाय क्यूब प्रकार उन्हाच्या दृष्टीने चांगला असतो, कारण तापलेली हवा डोक्याच्या वर राहते, परंतु गावातल्या लोंबत्या तारांखालून तो नेणे अधिक अवघड जाते.

मशीन काढून टाकलेले जुने शीत कंटेनर, ज्यांना रीफर म्हणतात, तेही विक्रीस येतात. त्यांच्या भिंतींत फोम असल्याने आत ऊन कमी जाणवते आणि संत्रा बागायतदारांना त्यांचा मोह पडतो. मात्र मशीन नसेल तर तो थंड करत नाही, फक्त उशिरा तापतो आणि उशिराच निवतो, हे समजून घ्यावे.

कुठे शोधावा आणि कागद कोणते मागावेत

विदर्भासाठी जवळचे ठिकाण म्हणजे नागपूर. अजनी येथे कंटेनर कॉर्पोरेशनचा अंतर्देशीय डेपो आहे आणि शहराच्या परिसरात जुने कंटेनर विकणारे व्यापारी आहेत. मोठी निवड न्हावा शेवा बंदराच्या आसपास, उरण-पनवेल पट्ट्यात मिळते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून तिकडून माल आणणे सोपे झाले असले, तरी ७०१ किलोमीटरचे भाडे आणि टोल एकाच कंटेनरवर पडतात. दोघा-तिघा शेजाऱ्यांनी मिळून मागवले तर ट्रेलरचे भाडे विभागते, कारण वजन बेतात असल्यास चाळीस फुटी ट्रेलरवर दोन वीस फुटी कंटेनर बसतात. दरपत्रक मागताना कंटेनरची किंमत, कर, वाहतूक आणि उतरवणी असे चार आकडे वेगवेगळे लिहून घ्यावेत. एकत्र सांगितलेल्या भावात नेमकी उतरवणी गळालेली असते.

विक्रेते मालाच्या प्रती सांगतात. एकाच फेरीत वापरलेला तो वन ट्रिप, पुन्हा जहाजावर चढण्याच्या लायकीचा तो कार्गो वर्दी, वारा-पाणी आत न येणारा तो विंड अँड वॉटर टाइट, आणि आहे तसा तो अ‍ॅज-इज. वावरासाठी तिसरी प्रत पुरेशी आहे. सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपलेली असली तरी एका जागी उभ्या राहणाऱ्या कोठ्याला काही फरक पडत नाही, म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. अ‍ॅज-इज मात्र स्वतः पाहिल्याशिवाय घेऊच नये.

कागदांमध्ये सर्वांत महत्त्वाचा मुद्दा सीमाशुल्काचा आहे आणि तोच बहुतेक खरेदीदारांच्या लक्षात येत नाही. परदेशी मालकीचे कंटेनर भारतात शुल्काशिवाय येतात ते सहा महिन्यांत परत जाण्याच्या अटीवर. तोच कंटेनर देशात विकायचा असल्यास आधी आयातीचा दस्तऐवज, म्हणजे बिल ऑफ एंट्री, दाखल होऊन शुल्क भरलेले असावे लागते. विक्रेत्याकडून त्याची प्रत आणि जीएसटीचे पक्के बिल मागावे, आणि दोन्हींवर कंटेनरचा क्रमांक असावा. हा क्रमांक चार अक्षरे आणि सात अंकांचा असतो. चौथे अक्षर सामान्यतः इंग्रजी यू असते आणि शेवटचा, चौकटीतला अंक आधीच्या दहा चिन्हांवरून गणिताने काढलेला पडताळणीचा अंक असतो. दारावरचा, बाजूचा आणि बिलावरचा क्रमांक जुळवून पाहावा. फोटो पाठवून आगाऊ रक्कम मागणाऱ्या आणि डेपोत येऊ न देणाऱ्या विक्रेत्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

आणखी एक सावधगिरी. साध्या पत्र्याचे, येथेच जोडून केलेले डबे कंटेनर म्हणून खपवले जातात. खऱ्या कंटेनरच्या आठही कोपऱ्यांवर लांबट भोके असलेले ओतीव पोलादी ठोकळे असतात आणि डाव्या दारावर सहसा निर्मितीचे वर्ष व कमाल वजन कोरलेली धातूची पाटी असते. हे नसेल तर तो पोर्टा केबिन आहे, आणि त्याचा भाव त्याच हिशेबाने करावा.

तपासणी : अर्धा दिवस तरी द्यावा

तपासणीला सोबत टॉर्च, छोटा हातोडा, मोजपट्टी, शिडी आणि जुने कपडे घेऊन जावे. दुपारच्या कडक उन्हात जावे, कारण पहिली परीक्षा उन्हाचीच आहे. आपण आत जाऊन सोबत्याला दोन्ही दारे पूर्ण लावायला सांगावीत आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटे थांबावे. मग छतावर, भिंतीच्या वळ्यांत आणि दाराच्या कडेला जेथे जेथे प्रकाशाचा ठिपका किंवा रेघ दिसेल तेथे पावसाचे पाणी येणार, हे नक्की. सुईच्या अग्राएवढा एखादा ठिपका सीलंटने बुजतो. छताच्या एका पट्ट्यात ठिपक्यांची रांगोळी दिसली तर तेथला पत्रा आतून संपलेला आहे आणि तो कंटेनर सोडून द्यावा. सोबती मात्र विश्वासाचा असावा, कारण ही दारे आतून उघडत नाहीत.

त्यानंतर शिडी लावून छत पाहावे. विक्रेते भिंती रंगवतात, छताकडे दुर्लक्ष करतात आणि खरेदीदारही वर चढत नाही. क्रेनच्या आदळण्याने पडलेल्या खोलगट जागी पाणी साठते आणि दोन मिलिमीटरचा पत्रा तेथूनच खाल्ला जातो. कंटेनर ज्या गंजरोधी पोलादाचा असतो त्या कॉर्टेनवरचा तांबूस, घट्ट बसलेला गंज हा त्या धातूचा स्वभाव आहे, त्याला घाबरू नये. पापुद्र्यांसारखा सुटणारा, बोटाने खपली निघणारा गंज मात्र वाईट. हातोड्याने हलके ठोकले असता खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत आहे, बद्द आवाज आला तर रंगाखाली पुट्टी किंवा गंज आहे.

नव्या रंगाबद्दल संशय बाळगावा. सगळीकडे एकसारखा ताजा रंग आणि खालच्या कडेला मात्र खडबडीतपणा असेल, तर गंज घासून न काढताच वरून हात फिरवलेला आहे.

दारे एकट्या माणसाला उघडता-मिटता यायला हवीत. चारही उभे दांडे फिरवून पाहावेत, कडेचे रबर फाटलेले, कडक झालेले किंवा तुकड्यांनी जोडलेले नाही ना, ते हात फिरवून पाहावे. दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. त्यांत एक-दीड सेंटिमीटरपेक्षा अधिक फरक आला, तर डबा पिळला गेला आहे आणि ते दार सपाट जागेवरही नीट लागणार नाही.

तळ सर्वांत उपेक्षित राहतो. आत २८ मिलिमीटर जाडीचे प्लायवूड असते. त्यावर सगळीकडे, विशेषतः दाराजवळ, टाच दाबून चालावे आणि जेथे लवचिक लागेल तेथे खूण करावी. तेलाचे डाग आणि उग्र वास आधीच्या मालाची साक्ष देतात. हे लाकूड वाळवी लागू नये म्हणून कारखान्यातच कीडनाशकाने भिजवलेले असते, आणि त्या रसायनाचे नाव व वर्ष पाटीवर लिहिलेले असते. त्यामुळे धान्याची किंवा पेंडीची पोती थेट त्यावर ठेवू नयेत, मध्ये लाकडी पाट्या घालाव्यात. शेवटी फोर्कलिफ्टने कंटेनर उचलून खालच्या आडव्या पट्ट्या दाखवायला सांगाव्यात. कोणताही डेपो हे काम करून देऊ शकतो. नकार मिळाला तर त्या पट्ट्यांविषयी जे समजायचे ते समजते.

जागा आणि पाया

शेतजमिनीवर शेतीच्याच अवजारांसाठी, खतासाठी आणि शेतमालासाठी केलेली साठवणुकीची जागा महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार शेतीसाठीच्या इमारतीत मोडते. मात्र नगरपालिका किंवा महापालिकेच्या हद्दीजवळच्या जमिनींवर निर्बंध आहेत, आणि कंटेनर भाड्याने देऊन गोदामाचा धंदा करायचा असेल तर अकृषक वापराचा प्रश्न येतो. त्यामुळे पटवाऱ्याकडे आधी विचारून घ्यावे. सातबारा सामाईक असेल तर भावकीची संमती लेखी घ्यावी, नाहीतर कंटेनर धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, जुन्या वादात ओढला जातो.

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पाडते. तिच्यावर नुसत्या विटा किंवा रेल्वेचे जुने स्लीपर टाकून कंटेनर ठेवला, तर पहिल्याच पावसाळ्यात एक कोपरा खाली जातो, चौकट पिळते आणि दार अडकते. कंटेनरचे सगळे वजन चार कोपऱ्यांच्या ठोकळ्यांवर पेलावे अशीच त्याची रचना असते. म्हणून वीस फुटीला चार ठिकाणी पक्के पाये पुरतात, आणि चाळीस फुटीला लांबीच्या मधोमध दोन्ही बाजूंना एकेक आधार आणखी द्यावा. १५ टन माल भरला की प्रत्येक कोपऱ्यावर चार टनांहून अधिक भार येतो, हे डोळ्यांसमोर ठेवून काम करावे.

प्रथम जागा अशी निवडावी की पावसाचे पाणी तेथून वाहून जाते, साठत नाही. नाल्याच्या काठची सपाट जागा कितीही सोयीची वाटली तरी टाळावी. कंटेनरच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट वाढवून आखणी करावी, अडीच ते तीन फूट काळी माती काढून टाकावी आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून, दबाई करत भरावा. एकदम भरलेला मुरूम वरून घट्ट दिसतो आणि खालून पोकळ राहतो. त्यावर कोपऱ्यांच्या जागी किमान अडीच फूट चौरस काँक्रीटचे ठोकळे ओतावेत आणि त्यांचा माथा जमिनीपासून सव्वा ते दीड फूट वर ठेवावा, म्हणजे तळाखालून हवा फिरते आणि लोखंडाला चिखल लागत नाही.

चारही माथे एका पातळीत असणे हा या कामाचा प्राण आहे. त्यासाठी यंत्र लागत नाही, मिस्त्रीची पाण्याने भरलेली पारदर्शक लेव्हल नळी पुरते. नळीत बुडबुडा राहू देऊ नये. एक टोक पहिल्या ठोकळ्यावरच्या खुणेशी धरून उरलेल्या तिन्हींवर पाणी कोठे स्थिरावते ते पाहावे आणि फरक ओल्या काँक्रीटमध्येच काढावा. काँक्रीटवर पाणी मारण्याला किमान दहा-बारा दिवस द्यावेत. हे सगळे काम हरभरा निघाल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकले तर सोयीचे जाते.

दिशेचा विचार पाया आखतानाच करावा लागतो. कंटेनरची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी आणि दार पूर्वेला घ्यावे. त्यामुळे दुपारनंतरचे तिरपे ऊन मुख्यतः आठ फुटी मागच्या भिंतीवर पडते, आणि पश्चिमेकडून येणारा पाऊस दाराच्या रबरावर थेट आदळत नाही.

आणणे आणि उतरवणे

मे महिना संपण्याआधी कंटेनर जागेवर बसलेला असावा. पहिल्या पावसानंतर काळ्या मातीच्या पांदणीत ट्रेलर फसला तर तो काढण्याचा खर्च कंटेनरच्या किमतीशी स्पर्धा करतो. आधी स्वतः रस्ता चालून पाहावा. ट्रेलरवर चढलेल्या साध्या कंटेनरची उंची साडेतेरा ते चौदा फूट होते, त्यामुळे वाटेतल्या विजेच्या आणि केबलच्या तारा, बाभळीच्या आडव्या फांद्या, कमानी आणि नळकांडी पूल यांची नोंद करून चालकाला कळवावी. तार उंच करायची असल्यास महावितरणच्या लाइनमनकडूनच करून घ्यावी. बांबूने तार उचलून धरण्याची पद्धत जीवघेणी आहे.

उतरवण्यासाठी हायड्रा क्रेन जवळच्या तालुक्यातून मिळते. भाडे तासावर असते, म्हणून ट्रेलर पोहोचण्याची वेळ पक्की झाल्यावरच ती बोलवावी. हायड्राचा दांडा जितका लांब काढला तितकी तिची उचलण्याची ताकद कमी होते, त्यामुळे क्रेन आणि ट्रेलर दोन्ही पायाजवळ उभे राहतील एवढी कडक जमीन मोकळी ठेवावी. चारही कोपऱ्यांना साखळ्या लावून, डबा आडवा न होऊ देता हळू उतरवावा आणि खाली कोणालाही उभे राहू देऊ नये. डबा टेकताच, क्रेन सोडण्यापूर्वी, दोन्ही दारे उघडून-मिटून पाहावीत. अडत असतील तर त्याच वेळी पुन्हा उचलून कोपऱ्याखाली पोलादी चकती घालता येते.

ऊन, घाम आणि देखभाल

छतावर सावली केल्याशिवाय विदर्भात कंटेनर वापरण्यात अर्थ नाही. छतापासून दीड फूट वर पत्र्याचे दुसरे छप्पर करावे, ते दोन्ही लांब बाजूंना दोन-तीन फूट पुढे काढावे, आणि त्याचे खांब कंटेनरच्या वरच्या कोपऱ्यांच्या ठोकळ्यांना किंवा कडेच्या जाड पट्टीला जोडावेत. छताच्या पातळ पत्र्याला वेल्डिंगचा टाका लागू देऊ नये. पऱ्हाटी, तुऱ्हाटी किंवा कुटाराचे आच्छादन स्वस्त पडते आणि थंडही राहते, परंतु एका ठिणगीने पेटते, म्हणून मी ते सुचवत नाही. छताला पांढरा रंग दिल्यास फरक आणखी जाणवतो.

कंटेनरला कंपनीतून दिलेली हवेची भोके फार लहान असतात. समोरासमोरच्या आखूड बाजूंना, एकीकडे वर आणि दुसरीकडे खाली, फूटभर चौरस जाळीदार झडपा बसवाव्यात. हवा फिरली नाही तर नोव्हेंबर-डिसेंबरच्या थंड रात्री छताच्या आतल्या बाजूला दव धरते आणि ते थेंब खताच्या पोत्यांवर गळतात. युरिया दगड होतो तो अनेकदा याच गळतीने, आणि दोष मात्र गळक्या छताला दिला जातो. जाळी बारीक आणि मजबूत हवी. झडपेतून किंवा केबलच्या भोकातून शिरलेला एक उंदीर ठिबकच्या सगळ्या बंडलाची चाळण करतो.

विजेचे कनेक्शन घ्यायचे असल्यास लोखंडी अंगाला स्वतंत्र अर्थिंग आणि मेन स्विचजवळ गळती पकडणारा ब्रेकर, हे दोन्ही लावूनच घ्यावे. वीज नसली तरी जूनच्या विजांच्या कडकडाटात उघड्या वावरातल्या लोखंडी डब्याला अर्थिंग हवेच. पायाखालची मोकळी जागा साप-विंचवांना आवडते, म्हणून ती बारीक वेल्डमेशने बंद करावी, दगड-मातीने बुजवू नये. आत काम करताना दाराचा दांडा उघड्या स्थितीत कुलूप घालून अडकवण्याची सवय घरातल्या सगळ्यांना लावावी, विशेषतः लहान मुले वावरात येत असतील तेव्हा.

दरवर्षी मृगापूर्वी दाराच्या बिजागऱ्यांना ग्रीस द्यावे, रबर ओल्या फडक्याने पुसावे, छतावरचा पाला झाडावा आणि जेथे रंग खरवडला असेल तेथे घासून, प्रायमर देऊन रंगाचा हात फिरवावा. पहिल्या दोन पावसाळ्यांनंतर, दिवाळीच्या सुमारास, लेव्हल नळी पुन्हा काढावी. दार जड लागू लागले असेल तर ग्राइंडरने दार घासू नये. ज्या कोपऱ्याखाली जमीन बसली असेल तो कोपरा बॉटल जॅकने उचलावा आणि त्याखाली पुरेशा जाडीची पोलादी चकती सरकवावी.